ड्रायर नुसता घूंऽऽ करतो? कॅपेसिटर बदलायच्या आधी ब्रेक बघा

नमस्कार मंडळी, आधी वॉशिंग मशीनच्या ड्रायरचा हा आवाज ऐका. घूंऽऽऽ. टब जागचा हलत नाहीये, आणि थोड्या वेळात रबर जळल्यासारखा वास यायला लागतो. असं झालं की लगेच टायमर शून्यावर आणा, कारण अडकलेल्या मोटरला करंट देत राहिलात तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, जळतं, आणि एका ब्रेकच्या वायरचं काम मोटरवर जातं.

ही मशीन माझ्या मावशीची, इथे इंदूरलाच लोकमान्य नगरमध्ये राहते ती. सेमी ऑटोमॅटिक, दोन टबवाली. मेकॅनिकने पंधरा दिवसांत दोनदा कॅपेसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, बदलला, तिसऱ्यांदा म्हणाला मोटरच गेली, नवीन टाका. मावशीने मला फोन केला आणि मी पहिलं काय विचारलं, तर मागचं कव्हर उघडून कोणी हाताने टब फिरवून पाहिला का? नाही. कोणीच नाही. मला खरंच वाईट वाटलं, कारण ही दोन मिनिटांची तपासणी आहे.

आता आत काय असतं बघा. ड्रायरची मोटर मिनिटाला 1300 च्या आसपास फेरे मारते, आणि करंट बंद झाला म्हणून ती थांबत नाही, ओले कपडे भरलेला टब आपल्या वजनानेच गरगरत राहतो. म्हणून खाली मोटरच्या शाफ्टवर, टब जिथे जोडलेला असतो तिथे, ब्रेक ड्रम असतो आणि त्याला चिकटणारा ब्रेक शू. शूला स्प्रिंग आहे, आणि एक वायर वर झाकणापर्यंत जाते, सायकलच्या ब्रेकची असते ना तशीच. पण काम उलटं! सायकलला वायर ओढली की ब्रेक लागतो, इथे झाकण बंद केलं की वायर ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की वायर ढिली पडते आणि स्प्रिंग शूला ड्रमवर दाबते. म्हणजे वायर तुटली, ताणून लांब झाली किंवा हुकातून निसटली, तर झाकण बंद असूनही ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर बिचारी जोर लावते आणि घूंऽऽ.

कॅपेसिटर गेला तरी अगदी हाच आवाज येतो, गोंधळ तिथेच होतो. (आवाजच नसेल तर गोष्ट वेगळी, मग झाकणाचा स्विच, टायमर, वायरिंग असं बघायचं.)

तर आता प्लग काढा. नुसता स्विच बंद नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. कॅपेसिटरच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. झाकण बंद करा, मागून हात घालून हा ड्रम फिरवा. मोकळा फिरला तर ब्रेक ठीक आहे, मग खुशाल कॅपेसिटरवर संशय घ्या. अडला तर ब्रेक, नाहीतर टबाखाली गेलेला मोजा किंवा रुमाल, तोही खूप जणांकडे निघतो.

मावशीच्या मशीनचा अडला. कॅमेरा जवळ आणते... ही काळी पूड दिसतेय खाली? शू घासून घासून पडलेली आहे. आणि ड्रमवर हा चकचकीत पट्टा. वायर वरून धडधाकट वाटते, पण खालच्या टोकाला, आवरण संपतं तिथे, तारा गंजून एक-एक करून तुटल्यात, शेवटच्या दोनच उरल्यात आणि त्याही ताणून लांबल्यात. गंज कुठून आला? वर बघा, टबाखालचं रबर सील, त्यातून थेंब थेंब पाणी गळतंय. म्हणजे नुसती वायर बदलून मी निघून गेले असते तर वर्षभरात परत तेच झालं असतं.

महाराणी रोडच्या बाजारात जुनी वायर सोबत नेली, तेवढ्याच लांबीची आणली, सीलसुद्धा आणलं. लावताना झाकण बंद ठेवून बघायचं, शू ड्रमला कुठेही टेकता कामा नये. आणि शूवर तेल, ग्रीस अजिबात नाही, मग ब्रेक धरणारच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. काही जण ब्रेक तारेने बांधून टाकतात, ड्रायर मस्त फिरतो आणि गिऱ्हाईक खूश. असं करू देऊ नका हो. झाकण उघडल्यावर आत टब जोरात फिरतोय आणि एखाद्या लेकराने कपडा काढायला हात घातला तर बोटांभोवती कपडा गुंडाळला जातो. तुमच्या ड्रायरचा टब झाकण उघडल्यावर बराच वेळ फिरत राहत असेल तर तोही ब्रेकचाच फॉल्ट आहे, शू झिजलाय किंवा वायर गंजून आवरणात अडकलीये, ती परत सरकतच नाही. दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नका.

चला, प्लग लावते. झाकण बंद, टायमर फिरवला... ऐका, घूं नाही, सरळ वेग घेतला. आता झाकण उघडते, हात लांब. एक, दोन, तीन... थांबला.