17 फुटी कयाक देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवताना भाडं नेमकं कशाचं भरायचं?

(मोजपट्टीचं टोक कयाकच्या नाकाला चिकटवून चालायला सुरुवात.)

हे टोक इथे लावलं. आता बघा हं. चाललो... चाललो... अजून चाललोच आहे... आता मी तुम्हाला दिसत नसेन बहुतेक. आवाज येतोय ना? 518 सेंटीमीटर! म्हणजे बरोबर 17 फूट.

(परत कॅमेऱ्यासमोर.)

आणि वजन? 26 किलो. खांद्यावर टाकून मी एकटा हिला पाण्यापर्यंत नेतो. लांबी ट्रकची आणि वजन सुटकेसचं, असं हे विचित्र प्रकरण आहे. ते देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाठवायचं, आणि तेसुद्धा भाड्याच्या पैशात अर्धी नवी कयाक येईल अशी वेळ न आणता. आज तेवढंच बोलू.

पहिल्यांदा पाठवायची वेळ आली तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. कुरिअरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, वजन किती? म्हटलं 26 किलो. त्यानं जो दर सांगितला तो ऐकून मी खूश! लोक उगाच रडतात, असंही मनात येऊन गेलं. मग त्यानं विचारलं, "आणि मापं?" मापं सांगितली. त्यानंतर बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. शेवटी म्हणाला, "सर, ही होडी आहे का?"

हो. होडी आहे. आधीच सांगायला हवं होतं.

तो कीबोर्डवर काय करत होता, ते आपण कागदावर करू. नीट गुंडाळलेली कयाक धरा 530 सेंटीमीटर लांब, 65 रुंद, 45 उंच. तिन्हींचा गुणाकार होतो 15 लाख 50 हजार घनसेंटीमीटर. आता कुरिअर कंपन्या या आकड्याला 5000 नं भागतात. विमानाच्या कार्गोत सहसा 6000 नं. 5000 नं भागलं तर येतात 310 किलो. वेष्टणासकट तुमच्या कयाकचं खरं वजन असेल 31 किलो, आणि बिल फाटणार 310 चं. दसपट! या हिशेबी वजनाला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. खरं आणि हिशेबी यातलं जे जास्त, ते बिलावर चढतं.

यात लबाडी आहे असं वाटतं, पण नाही. ट्रक किंवा विमान दोन प्रकारांनी भरतं, वजनानं किंवा जागेनं. तुमच्या कयाकचं एका घनमीटरमागे वजन भरतं 20 किलो. तेवढंच पाणी घेतलं तर हजार किलो. म्हणजे वाहतूकवाल्याच्या नजरेनं तुम्ही त्याच्या गाडीत हवा भरताय, आणि तीही 17 फूट लांब, जी वाकत नाही आणि कोपऱ्यात सरकवता येत नाही.

शिवाय मोठ्या पार्सल कंपन्यांच्या लांबीच्या मर्यादा आहेतच. यूपीएस आणि फेडेक्स साध्या पार्सलला 108 इंचांपर्यंत, म्हणजे 274 सेंटीमीटरपर्यंतच लांबी चालवून घेतात. आपली कयाक जवळपास दुप्पट. तिथे दर विचारण्यातसुद्धा अर्थ नाही. वल्हं मात्र खुशाल पार्सलनं पाठवा, दोन तुकड्यांत उघडतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं इतकंच आहे की 17 फूट पाठवून देणारा शोधू नका. ज्याच्याकडे 17 फूट आधीच मोकळे आहेत आणि जो तसाही तिकडेच निघालाय, तो शोधा. मोकळी जागा त्याला फुकट पडलेली असते. तिचे चार पैसे मिळाले तरी त्याला चालतात.

असे लोक आहेत, आणि तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. सगळ्यात आधी कयाक विकणारे आणि बनवणारे. कारखान्यातून दुकानात कयाक जातात त्या मोठ्या ट्रेलरवर, दोन्ही बाजूंना दांड्या, दांड्यांवर एकावर एक होड्या. तो ट्रेलर दर फेरीला गच्च भरलेला नसतो, आणि परतताना तर बहुतेक रिकामाच असतो. तुमच्या जवळच्या विक्रेत्याला जाऊन विचारा, पुढची गाडी कधी येतेय आणि परत कुठे जाते? फोनवर नाही, समोर जाऊन. फोनवर उत्तर "आम्ही असं करत नाही" हेच मिळतं. काही देशांत तर फक्त होड्या वाहून नेणारे लोक आहेत. ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या रस्त्यानं एक मोठी फेरी मारतात, वाटेत घेत जातात, सोडत जातात. त्यांच्यासाठी थांबावं लागतं, कधीकधी दोन-दोन महिने. पण माल हाताळणारा माणूस स्वतः वल्हवणारा असतो आणि वेष्टणाचा निम्मा ताप वाचतो. थांबायची तयारी असेल तर माझी पहिली पसंती हीच.

दुसरे, घरसामान हलवणारे. एका कुटुंबाचं सामान बहुधा ट्रकभर होत नाही, आणि सोफ्यांच्या वर छतापर्यंत एक लांबट पोकळी उरते. कयाक तिथे अशी बसते की जणू तिच्यासाठीच ठेवली होती. कंटेनर असेल तर 20 फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण 5.9 मीटर भरते, म्हणजे आपली वेष्टणासकट 5.3 मीटरची कयाक आरामात जाते. एकच अट, आधी सांगायचं. कंटेनर भरून झाल्यावर "अजून एक होडी आहे" म्हणालात तर तो भरणारा माणूस तुमच्याकडे कसा बघेल याची मला चांगली कल्पना आहे.

तिसरे, रिकामे परतणारे ट्रक. भाडं टाकून माघारी निघालेल्या गाडीला डिझेल लागतंच. पण इथे बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची लेखी पावती, घ्याच. तोंडी बोलीवर, अनोळखी ट्रकच्या टपावर कयाक चढवून टाटा करू नका.

आणि चौथा मार्ग पार्ट लोडचा, म्हणजे अनेकांचा माल एकाच ट्रकमधून. कयाक नेणारा ओळखीचा कोणीच नसला की हाच उरतो. इथे पैसे कुठे वाचतात सांगतो. कयाक घरून उचलून घरी पोचवायला सांगू नका. त्यांच्या गोडाऊनवर स्वतः नेऊन द्या, आणि पलीकडे गोडाऊनवरूनच उचला. मोठ्या ट्रकला गल्लीबोळात शिरायचं नसतं, आणि तो शिरला की त्याचे वेगळे पैसे लागतात. गोडाऊन जमत नसेल तर दुकान, वर्कशॉप, क्लब असा धंद्याचा पत्ता द्या, तो घराच्या पत्त्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. ट्रकमागचा लिफ्टगेट, म्हणजे माल वरखाली करणारी फळी, मागितलात तर त्याचेही पैसे, आणि 17 फुटी वस्तू त्या फळीवर मावत नाही ती नाहीच. दोन माणसं हातानं उतरवतात. दर विचारताना लांबी पहिल्या वाक्यात सांगा, कारण ठरावीक लांबीच्या पुढे बरेच वाहतूकदार जादा आकार लावतात आणि तो शेवटच्या बिलात उगवतो.

दर आला की त्याच्याशेजारी दुसरा एक आकडा लिहा. हीच कयाक इथे विकून तिथे तशीच जुनी घेतली तर किती पडेल? साध्या प्लॅस्टिकच्या कयाकला पुष्कळदा हाच मार्ग स्वस्त पडतो, मन मोडलं तरी. माझ्यासारखं होडीशी मन जडलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता वेष्टण. इथे जरा रेंगाळतो, कारण माझी चूक इथेच झाली होती. मी पहिल्या वेळी इतकं झकास गुंडाळलं, फोम, पुठ्ठा, वरून काळं प्लॅस्टिक, की आत काय आहे ते कोणालाच कळेना. लांब, काळं, गुळगुळीत असं काहीतरी. गोडाऊनमधल्या लोकांनी ते गुंडाळलेल्या गालिच्यासारखं वागवलं. वर खोकी रचली. पलीकडे उघडली तेव्हा डेकला, म्हणजे होडीच्या वरच्या भागाला, एक खोलगट वाटी पडली होती.

तेव्हापासून मी होडी होडीसारखीच दिसू देतो. हे बघा.

(कयाकच्या टोकाचा क्लोज-अप.)

मार सगळ्यात जास्त कुठे बसतो? या दोन टोकांना. कोणीतरी एक बाजू उचलतं आणि दुसरी फरशीवरून ओढत नेतं. म्हणून इथे जाड फोम, त्यावर पुठ्ठ्याची टोपी, त्यावर टेप, आणि ही टोपी निदान हातभर आतपर्यंत यायला हवी. पण हे उचलायचे दोर बघा, टोकाजवळचे, हे मी बाहेर मोकळे ठेवलेत. उचलायला हात मिळाला की माणूस उचलतो, नाही मिळाला की ओढतो. मधल्या भागाला फोमचा एक थर आणि वरून पारदर्शक फिल्म. आत निळी कयाक दिसतेय, कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या जागेचं, भोक दिसतंय. होडी दिसली की लोक जरा बिचकतात, त्यावर खोकी ठेवत नाहीत. सगळे नाही, पण बरेचसे.

सुकाणू असेल तर काढून आत ठेवा, बांधून. नुसतं टाकलेलं सुकाणू देशभर आतल्या आत ठोकत जातं. स्केग, म्हणजे तळातून खाली येणारा तो छोटा पर, पूर्ण वर घ्या. आणि सामान ठेवायच्या कप्प्यांची ही झाकणं, ही पूर्ण घट्ट लावू नका. हवाबंद कप्पा उन्हात तापला किंवा गाडी घाटात उंच चढली की आतली हवा फुगते. मग झाकण तरी उडतं, नाहीतर आतला आडवा पडदा, म्हणजे कप्पा वेगळा करणारी भिंत, सांध्यातून सुटतो. एका कडेला बोटभर फट ठेवा, आणि झाकण दोरीनं बांधा, म्हणजे हरवणार नाही.

प्लॅस्टिकची कयाक असेल तर आणखी एक. पॉलिथिलिन उन्हात मऊ पडतं. दोन अरुंद फळ्यांवर ठेवून वरून पट्टे करकचून आवळले आणि गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, की बुडाला खळगे पडतात. बऱ्याचदा ते ऊन आणि गरम पाण्यानं परत वर येतात, सगळे येत नाहीत. फायबरग्लासला हा त्रास नाही. ती वाकत नाही, तडकते. दोन्हींना टेकू द्यायचा तो आतल्या आडव्या पडद्यांच्या खाली, कारण तिथे कवच मजबूत असतं. मी बाहेरून टेप लावून त्यावर मार्करनं लिहितो, "टेकू इथे." एकदा तरी कोणीतरी वाचलंय, कारण पट्ट्याची खूण बरोबर तिथेच होती.

आता विमा. तुम्ही भाडं भरलंत जागेच्या हिशेबानं. पण माल मोडला तर वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी पुष्कळ ठिकाणी वजनाच्या हिशेबानं मोजतात! उदाहरण देतो. रस्त्यानं देशोदेशी माल नेण्यासाठी 1956 चा सीएमआर करार आहे, युरोपात तोच चालतो. त्यात भरपाईची कमाल मर्यादा आहे किलोमागे 8.33 एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. वेष्टणासकट 31 किलोची कयाक पूर्ण मोडली तरी हिशेब जेमतेम 259 एसडीआरच्या आत संपतो. नवी फायबरग्लासची सी-कयाक, म्हणजे समुद्रात चालवायची कयाक, यात येत नाही, तिचं चांगलं वल्हंसुद्धा येईलच असं नाही. म्हणजे घेताना 310 किलो आणि देताना 31. म्हणून पूर्ण किमतीचा वेगळा ट्रान्झिट विमा काढा, आणि पाठवायच्या आधी तारखेसकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा.

ज्यांना हे दर दोन-तीन वर्षांनी करावं लागणार आहे, नोकरीत बदल्या असतील वगैरे, त्यांनी पुढची कयाक घेतानाच विचार करावा. तीन तुकड्यांत सुटणाऱ्या सी-कयाक मिळतात. आतल्या पडद्यांपाशीच कापून, बोल्टनं जोडलेल्या. किलो-दोन किलो जड आणि बऱ्याच महाग, पण सगळ्यात लांब तुकडा दोन मीटरच्या आसपास. आणि घडीची कयाक तर याच दुखण्यातून जन्माला आली. 1905 साली आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं बांबूचा सांगाडा आणि वर कापड अशी सुटी होणारी कयाक बनवली. 1907 मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्यानं तिचे हक्क घेतले, आणि लोक पिशवी घेऊन रेल्वेनं नदीच्या उगमाकडे जाऊ लागले. अशाच क्लेपरच्या घडीच्या कयाकमधून हानेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर 1956 साली अटलांटिक ओलांडून गेला. त्यामुळे घडीची म्हणजे खेळण्यातली, असं माझ्यासमोर तरी म्हणू नका.

शेवटचं काम पलीकडच्या टोकाला. कयाक आली की ड्रायव्हर घाईत असतो, कागद पुढे करतो. सही करायच्या आधी फिल्म फाडा. दोन्ही टोकं बघा, पालथी करून बुड बघा, आणि मग मोबाइलचा टॉर्च कप्प्यात घालून आतून बघा. बाहेर न दिसणारी चीर आतून पांढऱ्या रेघेसारखी दिसते. काही सापडलं तर त्याच कागदावर लिहा, "डेकला खड्डा, उजवीकडे, कॉकपिटच्या मागे," असं स्पष्ट, आणि त्याखाली सही. "तपासणी बाकी" एवढंच लिहिलेलं नंतर फारसं कामी येत नाही. मी तेच लिहिलं होतं.

ती वाटी अजून आहे, ही बघा. वल्हवताना पाण्याची बाटली बरोबर बसते तिच्यात.

(बाटली ठेवून दाखवतो. बाटली घरंगळते.)

बरं, जवळजवळ बसते.