द्राक्षाचा क्रेट आणि मनी

(आयर्विन पूल. पुलाजवळ रंगवलेले फुटांचे आकडे.)

पावसाळा लागला की सांगलीत माणसं तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, "पुलाला किती झालं?" पूल म्हणजे आयर्विन. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा इथं 57 फुटांवर गेली होती.

(सूर्यवंशी प्लॉट. घराची भिंत, त्यावर मातकट रेघ.)

ही रेघ त्या पाण्याची. दोनदा रंग दिला, तरी वर येते.

(स्वयंपाकघर. जमिनीवर क्रेट.)

आणि हा क्रेट, द्राक्षाचा. पूर आला तर मांजराला न्यायला. तासगावकडं बागांत असे ढिगानं दिसतात. दोन क्रेट तोंडाला तोंड लावायचे, एका बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओढायच्या, उरलेल्या तीन बाजू नाडीनं बांधायच्या. झालं झाकण. हवा खेळते, आत पाणी साचत नाही, धरायला खाचा आयत्याच. दुकानातला पिंजरा चांगलाच असतो. पण त्याच्या किमतीपायी "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारी घरं आम्ही खूप बघितली.

मांजर घाबरलं की पलंगाखाली जातं, माळ्यावर जातं, फ्रिजच्या मागं जातं. होडी दारात आल्यावर ते शोधायचं कुणी? म्हणून मे महिन्यापासून हा क्रेट इथं उघडाच पडलाय. आत वहिनींची जुनी साडी, मुद्दाम न धुतलेली. पहिले आठ दिवस मनीनं ढुंकूनही बघितलं नाही. मग वहिनींनी दुधभाताची वाटी सरकवायला घेतली. आज क्रेटच्या बाहेर, उद्या कडेला, परवा पार आत. ती जेवत असताना झाकण लावायचं आणि लगेच उघडायचं. पुढं मिनिटभर लावायचं. मग क्रेट उचलून अंगणात एक फेरी.

(मनी क्रेटमध्ये शिरते. पूर्ण दृश्य.)

हे कापलेलं नाही. ती आपली आपणच गेली.

(अंगण. डुगडुगती बाज, त्यावर शेरू.)

शेरू म्हणजे घरातला कुत्रा. त्याचं दुखणं वेगळं. त्याला पाण्याचं भय नाही, पायाखालचं हललं की तो बिथरतो. म्हणून धाकट्यानं बाजेच्या एका पायाखाली वीट सारली. रोज संध्याकाळी शेरू बाजेवर चढतो, बाज डुगडुगते, तो बसतो, भाकरीचा तुकडा मिळतो. होडीत यापेक्षा जास्त काही करायचं नसतं. बसून राहायचं.

या घरात साखळी नाही. 2019 च्या पुरात कित्येक जनावरं दाव्याला बांधलेलीच राहिली. ज्याला नेता येत नाही, त्याला निदान मोकळं सोडा.

(दारामागची खुंटी. पिशवी.)

पिशवीत आठवडाभराचं कोरडं खाणं, घट्ट झाकणाच्या डब्यात. प्यायचं पाणी वेगळं, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, जनावराला आणि माणसालाही. रेबीजच्या लसीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये. वहिनींच्या मोबाइलमध्ये त्यांचा आणि शेरूचा एकत्र फोटो, चुकामूक झाली तर कुत्रा कुणाचा हे दाखवायला. शेरूच्या गळ्यातल्या पट्ट्यावर मार्करनं फोन नंबर. तो आम्ही पडद्यावर पुसट केलाय.

राहिली जागा. शाळेतल्या निवारा केंद्रात कुत्र्याला घेतीलच असं नाही. म्हणून मिरजेच्या नणंदेला आत्ताच विचारून ठेवलंय. नणंद हो म्हणाली. तिच्या सासूबाईंचं अजून ठरायचंय.

(पूल. संध्याकाळ.)

आज पुलाला 14 फूट.

(क्रेट. कडेवरून लोंबणारी शेपटी.)