1620 माणसांचा हिशेब: शार्ल फूरिए

[दृश्य: बेझाँसाँ. दूब नदीचे वळण, दगडी घरे.]

फ्रान्सच्या पूर्वेकडचे बेझाँसाँ. 7 एप्रिल 1772 रोजी इथल्या एका सधन कापड व्यापाऱ्याच्या घरी शार्ल फूरिए जन्मला. एकत्र राहणाऱ्या, एकत्र राबणाऱ्या माणसांच्या आदर्श वस्तीची योजना आखणारा हा विचारवंत. दुकानातल्या गिऱ्हाइकांना खरे काय ते सांगून टाकल्याबद्दल त्याने लहानपणी मार खाल्ला. व्यापाराचा जन्मभर द्वेष करण्याची शपथ आपण सातव्या वर्षी घेतली, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. पोट मात्र त्याला व्यापारावरच भरावे लागले. कधी कारकून, कधी दलाल, कधी पेढीचा फिरता विक्रेता.

1793 साली लिआँ शहराला वेढा पडला. वडिलोपार्जित पैशातून घेतलेला त्याचा माल त्यात गेला, तो तुरुंगात पडला आणि गिलोटीनपासून थोडक्यात वाचला. 1799 साली मार्सेयमध्ये त्याच्या मालकांनी भाव चढेल या आशेने तांदूळ दाबून ठेवला. तो कुजला. पोती समुद्रात टाकताना देखरेखीला फूरिए उभा होता. त्याच सुमारास पॅरिसच्या एका खाणावळीत त्याच्या सोबत्याने एका सफरचंदाचे 14 सू (सू म्हणजे जुने फ्रेंच नाणे) मोजले. फूरिए नुकताच जिथून आला होता, तिथे तेवढ्याच पैशात शंभरावर सफरचंदे येत. फूरिएचा सगळा विचार या दोन प्रसंगांतून निघतो, असे आम्हाला वाटते. माल पिकवणारा आणि खाणारा यांच्या मधल्या जागेत काय चालते, हे तो रोज आतून पाहत होता.

1808 साली लिआँमध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि छपाईचे ठिकाण खोटेच, लाइपझिग, असे घातले होते. त्यात ग्रहांविषयी, समुद्रांविषयी अचाट भाकिते आहेत. पुढे त्याच्या शिष्यांनी ती बाजूला ठेवली, आपणही ठेवू. पण स्त्रियांना जितके स्वातंत्र्य, तितकी समाजाची प्रगती, हेही त्याने त्याच पुस्तकात मांडले आहे.

[दृश्य: फालाँस्तेरचा, म्हणजे फूरिएने कल्पिलेल्या वस्तीच्या सामाईक इमारतीचा नकाशा. मधला भाग, दोन पंख.]

आता त्याची योजना. सुरुवात चुलीपासून. तीनशे कुटुंबांच्या गावात तीनशे चुली पेटतात, तीनशे कोठारांत धान्य सडते आणि शंभर गवळणी शंभर सकाळी शहराच्या वाटेवर घालवतात. एकत्र राहिले तर चार-पाच मोठ्या चुली, एक चांगले कोठार आणि दुधाची एक गाडी पुरते. वाचलेले सरपण आणि वाचलेले हात हे या गावाचे पहिले उत्पन्न.

माणसाला फूरिए बारा ओढी मानतो. पाच इंद्रियांच्या, चार माणसांमधल्या: मैत्री, प्रेम, महत्त्वाकांक्षा, कुटुंब. उरलेल्या तीन म्हणजे चढाओढ, बदलाची हौस आणि तन-मन एकदम भारून टाकणारा उत्साह. यांच्या मिश्रणातून 810 स्वभाव होतात. प्रत्येक स्वभावाचा एक पुरुष, एक स्त्री, म्हणून वस्ती 1620 माणसांची.

बदलाची हौस खरी मानली, तर एकच काम दिवसभर करून चालत नाही. म्हणून एका कामाची पाळी जास्तीत जास्त दोन तासांची. सकाळी तबेला, मग भाजीचा मळा, दुपारी सुतारकाम, संध्याकाळी ग्रंथालय. कामाचे गट लहान, निदान सात जणांचे. नासपतीच्या एका जातीचा गट शेजारच्या जातीच्या गटाशी स्पर्धा करणार. उद्या कोण कुठे जाणार, हे रोज एका सभागृहात ठरणार. माणसे दिवसातून इतक्या वेळा जागा बदलणार म्हणून इमारतीतून आच्छादित गल्ली फिरवलेली, हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात हवेशीर. जेवणघरे आणि ग्रंथालय मधल्या भागात. ठोकाठोकीचे कारखाने एका पंखात, पाहुणे दुसऱ्या पंखात.

घाण कोण उचलणार? फूरिएचे उत्तर: घाणीत खेळायला आवडते ती 9 ते 15 वर्षांची मुले. पहाटे तीनला उठून तबेले आणि खाटीकखाने साफ करतील आणि गावात पहिला मान त्यांचा असेल.

खासगी मालमत्ता तो रद्द करत नाही. उत्पन्नाचे बारा वाटे: पाच श्रमाला, चार भांडवलाला, तीन कौशल्याला. पोटापुरते मात्र प्रत्येकाला हमखास.

भांडवल कुणाचे, हा प्रश्न उरलाच. पैसे लावणाऱ्याला भेटायला आपण रोज दुपारी बारा वाजता घरी असू, असे त्याने जाहीर केले. तो दाता वर्षानुवर्षे आला नाही. 1832 साली बोदे-द्यूलारी या लोकप्रतिनिधीने पॅरिसच्या पश्चिमेला कोंदे-स्यूर-व्हेग्र इथे सुमारे 500 हेक्टर जमीन दिली. तिथेच गणित बिघडले. हवे तेवढे भागभांडवल जमले नाही. 1620 माणसे तर नाहीतच, त्यामुळे गट, पाळ्या, चढाओढ, यातले काहीच आजमावता आले नाही. वास्तुविशारदाशी भांडणे झाली. त्याने डुकरांसाठी जे बांधले त्याला आत जायला दारच नाही, अशी फूरिएची तक्रार होती. थोड्याच काळात काम थांबले आणि तोटा बोदे-द्यूलारीने सोसला.

10 ऑक्टोबर 1837 च्या सकाळी, पॅरिसमधल्या आपल्या घरी, फुलझाडांच्या कुंड्या आणि मांजरे यांच्यामध्ये, तो खाटेशेजारी गुडघ्यांवर मृतावस्थेत सापडला. माँमार्त्रच्या स्मशानभूमीत त्याला पुरले.

[दृश्य: गीझ. काचेच्या छताखालचा चौक, भोवती सज्जे.]

पुढचा प्रयोग करणारा माणूस लोखंडकाम जाणणारा होता. जाँ-बातीस्त आंद्रे गोदाँ, बिडाच्या शेगड्यांचा कारखानदार. टेक्सासमधल्या फूरिएवादी वसाहतीत त्याने एक लाख फ्रँक, आपल्या संपत्तीचा सुमारे तिसरा हिस्सा, घातले आणि ते बुडाले. त्यानंतर त्याने उलट क्रम धरला. आधी नफ्यात चालणारा कारखाना, मग घरे. 1859 पासून उत्तर फ्रान्समधल्या गीझमध्ये त्याने फामिलिस्तेर, म्हणजे कामगार कुटुंबांची सामाईक वसाहत, उभारायला घेतले. काचेने झाकलेले चौक, प्रत्येक मजल्यावर पाणी, कचरा टाकायला नळकांडी, पाळणाघर, शाळा, नाटकगृह. धुलाईघराशेजारी पोहण्याचा हौद, त्यात कारखान्याच्या उष्णतेने कोमट झालेले पाणी. हौदाचा लाकडी तळ वर-खाली होई, म्हणजे लहान मुलांना पोहायला शिकता यावे.

बारा ओढी, 810 स्वभाव, दोन तासांच्या पाळ्या गोदाँने सोडून दिल्या. ओतकाम करणारा ओतकामच करत राहिला. ठेवली ती इमारत, सामाईक सोयी आणि श्रम, भांडवल, कौशल्य यांतली वाटणी. 1880 साली त्याने कामगारांची सहकारी संस्था स्थापली आणि कारखाना टप्प्याटप्प्याने तिच्या मालकीचा झाला.

दोष इथेही शिरला. सभासदांत पायऱ्या होत्या. आत राहणारे वरच्या पायरीचे, बाहेर राहून त्याच भट्टीत राबणारे खालच्या. घर मिळवण्यात आतल्यांच्या मुलांना झुकते माप मिळत गेले आणि वरची पायरी वारशाने चालू लागली. त्यात शेगड्यांच्या बाजारातली स्पर्धा वाढली. 1968 साली सहकारी संस्था मोडली आणि कारखाना साध्या कंपनीच्या हाती गेला.