कबूल आहे, साहेब

(दृश्य : कोल्हापूर. रात्र. रंकाळ्याकडून शहरात येणारा रस्ता. नाकाबंदी.)

"फुंक. जोरात फुंक. आणखी... आणखी... थांबू नको."

रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या आवरल्यात. बॅरिकेडपाशी टॉर्चच्या उजेडात एक पोलीस पाकिटातून कोरी नळी काढतो, मशीनला बसवतो आणि दुचाकीवरच्या माणसाच्या तोंडासमोर धरतो. मशीन किणकिणतं. दुकानातल्या बिलासारखी लांबट चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर तारीख, वेळ आणि एक आकडा. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल, तो हा आकडा. ३०च्या वर गेला की मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५.

आपल्या गोष्टीतला माणूस हा नव्हे. ही नाकाबंदी यंदाची आहे, त्याची तीन वर्षांमागची.

(दृश्य : हात. मांडीवर कापडी पिशवी.)

हे हात त्याचे. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवरच तो बसला. वय २९. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. बोटांच्या पेरांत काळ्या रेघा आहेत, साबणानं न निघणाऱ्या. किराणा दुकानातून मिळालेल्या या पिशवीत त्यानं सगळी कागदं जपून ठेवलीत. एक चिठ्ठी काढतो, घडी उलगडतो, कॅमेऱ्यासमोर धरतो. चिठ्ठी कोरी आहे. थर्मल कागदावरची छपाई कधीच उडून गेली.

"चौसष्ट आला हुता," तो म्हणतो.

मित्राच्या हळदीचं जेवण होतं, घर दोन चौकांवर होतं. दारू पिऊन गाडी चालवल्यानं माणसं जातात, हे तोही नाकारत नाही. त्या रात्री कुणाला लागलं नाही.

(दृश्य : कसबा बावडा, न्यायसंकुल. सकाळ.)

साडेदहाला इथं पार्किंगला जागा मिळत नाही. काळे कोट, फायलींचे गठ्ठे, टपरीवर अर्धा अर्धा चहा. त्या दिवशी तोही असाच आला होता, कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वकील केला नव्हता. बाकावर त्याच्यासारखेच आणखी काही बसलेले. शेजारच्यानं सल्ला दिला, "कबूल म्हण आणि सुट."

नाव पुकारलं. गुन्हा कबूल आहे? "कबूल आहे, साहेब."

दहा हजार रुपये दंड, लायसन्स सहा महिने बंद. पावती खिशात घालून तो दुपारच्या आत कामावर हजर.

हेल्मेट नसेल तर चलन येतं, मोबाईलवरून भरलं की विषय संपतो. चलन होणाऱ्या गुन्ह्यांची यादी कायद्यातच आहे, कलम २००. त्या यादीत १८५ नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं आणि तिथं 'कबूल' म्हटलं की ती दोषसिद्धी होते. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. लायसन्स किमान सहा महिने जातंच. वाट्याला कैद नाही, फक्त दंड आला म्हणून याला वाटलं, पावती फाडली, मिटलं. खरं सांगायचं तर हे चित्रण सुरू करेपर्यंत आमच्या युनिटमधल्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटत होतं.

चांगल्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' यानं 'नाही'वर खूण केली. खोटं उघडं पडलं, ती नोकरी हातची गेली.

(दृश्य : वकिलांचं टेबल. कागद, चष्मा, बोट.)

"कबूल का केलंस?"

"सगळीच करत हुती, साहेब."

"मग आता?"

"अर्ज करून पुसता येतंय का, ते विचाराय आलोय."

वकीलसाहेब चष्मा काढून टेबलावर ठेवतात. "पुसायचा अर्ज आपल्याकडं नसतो, बाळा. वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली तरच ती जाते."

प्रौढ माणसाची शिक्षा ठरावीक वर्षांनी रेकॉर्डवरून उतरवायची, असा कायदा भारतात नाही. म्हणून रस्ता अपिलाचा. सत्र न्यायालयात अपील ३० दिवसांत करावं लागतं, ते दिवस कधीच उलटले. शिवाय गुन्हा कबूल केलेल्याला अपील शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढ्यापुरतंच. उरलं पुनरीक्षण, कोर्टातल्या भाषेत रिव्हिजन. त्याची मुदत ९० दिवस. तीही गेली, म्हणून आधी उशीर माफ करण्याचा अर्ज. आणि उशीर का झाला, हे पटवावं लागणार. 'मला माहीत नव्हतं' एवढ्यानं कोर्ट ऐकत नाही, असं वकीलसाहेब दोनदा बजावतात.

आधी नकला काढा, म्हणजे निकालाच्या कागदांच्या अधिकृत प्रती. कॅमेरा आत नेता येत नाही, त्यामुळं नक्कल विभागाच्या दाराबाहेरचंच काय ते दिसेल. अर्ज, कोर्ट फी स्टँप, केस नंबर. केस नंबर माहीत नव्हता, तर ई-कोर्टच्या, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी साइटवर नाव टाकलं. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याची स्वतःची ओळख, निघाला आणि खाली त्याचं नाव, कलम, निकालाची तारीख. चिठ्ठीवरची शाई तीन वर्षं टिकली नाही. हे मात्र कुणालाही, कुठूनही दिसतंय. "हे आईला दाखवू नका," तो म्हणाला होता. आईला वेगळीच काळजी, पोराचा पासपोर्ट अडणार. तो अडत नाही. त्यासाठी नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद लागते.

नक्कल हातात आली. आता हे जवळून बघा.

(दृश्य : नकलेचा कागद. बोट एका ओळीवर थांबतं.)

छापील मजकूर आहे. 'मला गुन्हा कबूल आहे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही.' खाली सही, याचीच, घाईत केलेली, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. वकीलसाहेबांचं बोट त्या पहिल्या ओळीवरून हलत नाही. "हे तू बोललास?"

"न्हाई साहेब. म्या नुसतं कबूल हाय म्हणलो."

आरोपीनं दिलेली कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असं कायदा सांगतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २५२ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २७५ आहे. सगळ्यांना एकच छापील वाक्य असेल तर ती कुणाच्या शब्दांत? आरोप त्याला समजावून सांगितला होता का, हे रोजनाम्यातून, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या नोंदीतून, दिसतं का? रिव्हिजनचा सगळा डोलारा या एका ओळीवर उभा राहणार आहे.

जिंकलं तरी कबुली तेवढी रद्द होईल आणि खटला पुन्हा पहिल्यापासून चालू शकतो. चौसष्टचा आकडा तिथं पुन्हा येईलच.

(दृश्य : ड्रोन. भाऊसिंगजी रोड, सीपीआर रुग्णालयासमोरची राधाबाई इमारत.)

इथं कॅमेरा जरा रेंगाळला, आम्हीही रेंगाळतो. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ला इथं सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं काम. त्यासाठी वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं आंदोलन केलं, कामकाज बंद ठेवलं, मोर्चे काढले. आधी उच्च न्यायालयात जायचं म्हणजे रात्रीची गाडी पकडून मुंबई, तिथं राहायचं, आणि काम बोर्डावर आलंच नाही तर तसंच परत. दहा हजारांच्या दंडापायी कोण जाणार? आता सत्र न्यायालयात जमलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८चा, उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचा अर्ज घेऊन तो इथं येऊ शकतो, दुपारच्या शिफ्टच्या आधी.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, भोवती रिक्षा.)

याच शहराच्या राजानं १९१८ साली गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींची हजेरी बंद केली. रोज चावडीवर जाऊन 'मी इथंच आहे' असं सांगायची ती हजेरी. फासेपारध्यांना त्यांनी कामावर घेतलं. दारूची एक केस आणि जातीवरचा तो शिक्का यांची तुलना होत नाही, हे आम्हाला कळतं. तरी या चौकातून जाताना ती हजेरी आठवतेच.

इंग्लंडमध्ये १९७४चा कायदा आहे, ठरलेली वर्षं नीट काढली की जुनी शिक्षा बहुतेक कामांसाठी संपली असं धरतात. आपल्याकडं ही मुभा १८ वर्षांखालच्या मुलांना आहे, २०१५च्या बाल न्याय कायद्यात. एकोणिसाव्या वर्षी एकदा फुंकलं तर मात्र नाही.

एक दार होतं, तेही तिथंच, कसबा बावड्यात, त्या सकाळी. १९५८चा अपराधी परिवीक्षा कायदा. दोष सिद्ध झाला तरी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं आणि मग दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता, कलम १२नुसार, लागत नाही. द्यायचं की नाही, हे कोर्टाच्या हातात. दारूच्या केसमध्ये कोर्टं हात आखडतात. अपिलात किंवा रिव्हिजनमध्येही ते मागता येतं, पण त्या सकाळी कुणी मागितलंच नाही. बाकावरच्या शेजाऱ्याला हे ठाऊक नव्हतं.

(दृश्य : न्यायसंकुलाच्या पायऱ्या. तो पाठमोरा, हातात पिशवी.)

रिव्हिजन दाखल झाली. उशीर माफीच्या अर्जावर तारीख पडली. नव्या फॉर्मवर आता काय लिहायचं, हे त्यानं विचारलं. २०१६च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, खरं लिहा. गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा तो बाजूला ठेवू शकतो. लपवलं, की तो वेगळाच दोष.

"मग हो लिहू?"

"हो लिही. आणि खाली लिही, रिव्हिजन प्रलंबित."

तो पायऱ्या उतरतो. वकीलसाहेब वरूनच हाक मारतात.

"तारखेला दहाला ये. आणि बाकावर कुणी काही सांगितलं, तर आधी मला विचार."

"व्हय साहेब."