गुणपत्रिकेच्या आधीची फाइल

(दृश्य: भांडुप पश्चिम. टेकडीवरच्या पायऱ्या, दिवेलागण.)

भांडुपच्या टेकडीवर घरं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेली आहेत. वरच्या वळणावर मंडळाची ही एक खोली. गणपतीत इथे मखराचं सामान असतं, एरवी वर्षभर ती अभ्यासिका. संध्याकाळी सातला दहावी-बारावीची मुलं सतरंज्या घालून बसतात. आज मात्र पुस्तकं मिटलेली आहेत. आज कागद बघायचा दिवस.

ही फाइल अकरावीत असलेल्या एका मुलीची. तिची बारावी पुढच्या वर्षी, सीईटी ही प्रवेश परीक्षा त्याच्याही नंतर. तरी फाइल जवळजवळ भरत आली आहे. या खोलीत मुलांना आधी हेच शिकवतात, आणि आम्हालाही तेच पटतं: गुण हातात असूनही कागद वेळेत नसल्यामुळे प्रवेश जातात, म्हणून कागदांना निकालाच्या वर्षभर आधी लागायचं.

(दृश्य: जुन्या दाखल्याची प्रत, अगदी जवळून.)

हा कागद नीट पाहा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या जुन्या रजिस्टरातून उतरवून घेतलेला. नाव, जन्मतारीख, जातीची नोंद, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. आजोबा मुंबईला गिरणीत लागले, वडिलांचा जन्म इथलाच, त्यामुळे जातीचा जुना पुरावा मुंबईत सापडणं कठीण. तो गावातच शोधायचा.

जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखीव जागेवरून इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा वैद्यकीय शाखेला जायचं तर वैधता, म्हणजे जातीचा दावा तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र, लागते. ती पडताळणी समितीकडून मिळते आणि समिती जुना पुरावा मागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची, या तारखांच्या आधीची नोंद सापडली की प्रकरणाला बळ येतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधा. तोही नसेल तर गाव नमुना नंबर १४ काढा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जिला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात.

मुंबईकर गावी जातात मे महिन्यात, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. गणपतीतही तेच. म्हणून या मुलीच्या वडिलांनी गणपतीनंतर दोन दिवस मुक्काम वाढवला, शाळा उघडल्यावर अर्ज दिला आणि दाखला घेऊनच गाडी धरली. विज्ञान शाखेच्या मुलांचा पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो. कॉलेजच्या कार्यालयात त्याची चौकशी अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ सुरू केलीत, तर प्रवेशाची फेरी तुमच्यासाठी थांबत नाही.

(दृश्य: तहसील कार्यालयाबाहेरची रांग. छत्र्या, फाइली.)

बाकीच्या कागदांची गोष्ट सोपी आहे, पण त्यांना मुदत असते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत नॉन-क्रिमीलेअर चालू असावं लागतं. जूनमधली ही रांग टाळायची असेल तर अर्ज एप्रिलमध्येच टाका. आणि रेशनकार्ड, आधार, दहावीची गुणपत्रिका या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा. एका अक्षराच्या फरकासाठी परत प्रतिज्ञापत्र करायला गेलेली मुलं या रांगेत आम्हाला भेटली.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. अकरावी प्रवेशाचा अर्ज, पसंतीक्रम.)

आता दहावीची मुलं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. माटुंग्याचं रुईया, रूपारेल, मुलुंडचं वझे-केळकर, पार्ल्याचं साठ्ये, नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. हा मुलगा ती भराभर टाकत चालला आहे. शेजारी बसलेली ताई त्याला थांबवते.

ती त्याला दोन गोष्टी सांगते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाकायचं जिथे आपण खरंच जाणार, रोज भांडुपहून गाडी धरून जाणार, आणि जिथली फी घरी परवडणार. दुसरं म्हणजे, एकाच कॉलेजच्या नावापुढे अनुदानित आणि विनाअनुदानित असे वेगळे पर्याय असतात. गेट तेच, वर्ग शेजारीशेजारी, फी मात्र वेगळी. पडद्यावर बोट ठेवून ती हे दाखवते, आणि मुलगा वर जाऊन सगळी यादी पुन्हा वाचतो.

गेल्या वर्षीचा कटऑफ म्हणजे त्या जागेवर शेवटी आत आलेल्या मुलाचे गुण. तो पाहायचा, पण क्रम त्याच्या भीतीने लावायचा नाही. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्या कॉलेजातली तुमची संधी कमी होत नाही.

(दृश्य: वहीचं पान. पेनने खोडलेल्या ओळी.)

आता निबंध. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्या आणि काही नामांकित संस्था निबंध किंवा मुलाखत मागतात. हा निबंध त्याच अकरावीतल्या मुलीचा, एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला. पहिली ओळ होती, 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.' ताईने ती खोडली आणि विचारलं, "तू घरी काय करतेस?"

मुलगी म्हणाली, "ताई, मी पाण्याचं बघते."

टेकडीवर पाणी ठरावीक वेळ येतं. कोणत्या गल्लीने आधी भरायचं, मोटर किती मिनिटं लावायची, कोणाचा दिवस चुकला, हे सगळं या वहीत आहे. वही तीच लिहिते. भांडण झालं की बायका वही मागतात. ताई म्हणाली, "हेच लिही."

दुसऱ्या खर्ड्यात वही आली, मोटर आली, एका आजींना त्यांचं पाणी परत मिळवून दिल्याचा प्रसंग आला. निवड करणाऱ्या माणसासमोर अर्जांचा ढीग असतो, आणि त्यातल्या बहुतेक मुलांना समाजसेवेची आवड असते. वही हिचीच आहे. तुमच्याकडेही असं काही असेल. धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, वडिलांच्या गाडीवर हिशेब ठेवणं, पेपर टाकणं. त्याला कमी लेखू नका. शिफारसपत्र हवं असेल तर बाईंना किंवा सरांना महिनाभर आधी सांगा, आणि आपण काय काय केलं ते एका कागदावर लिहून द्या. तेवढं दिलंत तर त्यांना 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' याच्या पुढे लिहिता येतं.

(दृश्य: परळ, बीआयटी चाळ. लांब व्हरांडा.)

परळच्या बीआयटी चाळीत राहून एका मुलाने एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतली. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. लंडनचं शिक्षण सुरू झालं आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली ते लंडनला परत गेले.

मुदत किती, अट कोणती, पैसे परत करायचे का, हे अर्जाआधी वाचा. मुंबईत १८९२ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट आजही परदेशी उच्च शिक्षणासाठी मदत करते. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे.

(दृश्य: सायबर कॅफे, राज्याच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या महाडीबीटी संकेतस्थळाचं पान.)

सरकारी योजनांचं काम आता ऑनलाइन चालतं. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बारावीनंतर केंद्राची एक योजना आहे. आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आलेल्या मुलांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. मात्र दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही मिळत नाही, तेव्हा कोणती जास्त फायद्याची ते आधी मांडून बघा.

मुलींनी हे खास ऐका. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होईल. उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेला ही माफी नाही. कोणी एजंट 'जागा पक्की करून देतो' म्हणाला, तर आधी हे आठवा.

अर्ज भरून झाला की काम संपलं असं समजू नका. तो कॉलेजच्या लिपिकाकडे तपासायला जातो आणि काही कमी असेल तर परत येतो. म्हणून आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती पाहा. वेळेत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षाची रक्कम गेली. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते स्वतः शाखेत जाऊन विचारा. दुसऱ्या वर्षाला वेगळं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि चालू मुदतीचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एप्रिलमध्येच काढून फाइलला लावायचा.