चार वाजताचं गोड

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच सांगते, मी उसाच्या घरातली आहे. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं, चुलवाण पेटलं की आम्ही पोरं दिवसभर काहिलीच्या आसपासच असायचो, गरम काकवी भाकरीवर घ्यायची, ताजा गूळ बोटाने चाटायचा. त्यामुळे साखर म्हणजे विष असलं काही माझ्या तोंडून निघणार नाही. आपल्या भागातल्या कितीतरी पोरांची शिक्षणं उसावर झाली, माझंही झालं.

मी आज बोलणार आहे ते अशा माणसांबद्दल जी रोज पहाटे उठून रंकाळ्याला फिरायला जातात, घरी भाकरी, भाजी, कोशिंबीर सगळं नीट खातात आणि तरी दुपारी चार वाजले की पाय आपोआप फडताळाकडे वळतात. आहारतज्ज्ञ म्हणून मी काम करते, समोर बसलेलं माणूस पहिलं वाक्य बहुतेक हेच बोलतं, मॅडम, माझा स्वतःवर कंट्रोलच नाही हो. आणि हे सांगताना मान खाली. मला ते बघून फार वाईट वाटतं.

आता एक करा, हात वर करून सांगा, सकाळी आठ वाजता गोड खावंसं कुणाला वाटतं? दोन हात. बरं, दुपारी चार ते सहा? बघा, जवळजवळ अख्खा हॉल. आणि रात्री जेवणानंतर? हेही बरेच आहेत. आता तुम्हीच विचार करा, मनाचा दुबळेपणा असता तर तो सकाळी आठलाही दिसला असता ना, घड्याळ लावल्यासारखा चारलाच कसा येईल? म्हणजे चारच्या आधी काहीतरी घडलेलं असतं. किंवा घडायला पाहिजे ते घडलेलं नसतं.

माझं स्वतःचं सांगते. अडतिसाव्या वर्षी मी जिम लावली आणि त्याच आठवड्यात भात बंद, चपाती एकच, सकाळी नुसतं लिंबूपाणी आणि एक सफरचंद असं सुरू केलं. पंधरा दिवस फार उत्साहात गेले. मग रोज रात्री साडेदहाला, सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गूळ-शेंगदाणे खायचे, आणि मूठभर नाही, डबा खाली ठेवेपर्यंत. सकाळी परत ठरवायचं की आजपासून बंद. तीन महिने हे चाललं, मी स्वतः या विषयात शिकलेली असून. ज्या दिवशी सकाळी दोन अंडी आणि एक भाकरी खायला लागले आणि दुपारचा भात परत सुरू केला, त्यानंतर आठ-दहा दिवसांत रात्रीचं ते उभं राहणं बंद झालं. शरीर उपाशी होतं हो, दुसरं काही नव्हतं. आणि उपाशी शरीराला सगळ्यात लवकर मिळणारी ऊर्जा पाहिजे असते, ती गोडात असते, ते बिचारं तेच मागतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी असतो की सकाळी काय खाल्लं. चहा-बिस्किट म्हणाले की मला चारचं उत्तर मिळालेलं असतं. कांदेपोहे वाईट नाहीत पण एका प्लेटमध्ये प्रोटीन असतं चार-पाच ग्रॅमच्या आसपास, साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतं. त्याच पोह्यांवर वाटीभर मटकीची उसळ घाला, शेजारी दही घ्या, चित्र बदलतं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. मिसळ म्हणाल तर त्यातली उसळ चांगलीच आहे, फरसाण आणि कट जरा हात राखून. दुपारच्या जेवणात घट्ट वरण किंवा उसळ असलीच पाहिजे, आपल्याकडे वरण भातावर दाखवायपुरतं पडतं आणि मग चार वाजता आपण स्वतःला दोष देत बसतो.

आता चहा. चहाचा हिशोब कुणी करत नाही म्हणून मी करते. एक चमचा साखर धरा पाच ग्रॅम. कपात दोन चमचे, दिवसाला चार कप, झाले चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, रसातली साखर हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅम, आणि जमलं तर त्याच्याही निम्मं, 25. तुमचे चाळीस चहातच गेले, अजून बिस्किट नाही, सॉस नाही, वाढदिवसाचा केक नाही. आणि ही साखर आपल्याला गोड म्हणून आठवतसुद्धा नाही, मी गोड खातच नाही असं म्हणणारे निम्मे लोक चहावाले असतात.

तर मी काय करायला लावते, दोनचे पावणेदोन करा. दर दहा-बारा दिवसांनी पाव चमचा कमी. एकदम बंद केलं तर तिसऱ्या दिवशी भांडण होतं, घरात आणि मनात. जीभ बदलते हे मात्र खरं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये लोकांना तीन महिने कमी साखरेचा आहार दिला, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं, तर शेवटी शेवटी तेवढ्याच गोडीचं पुडिंग त्यांना जास्त गोड लागायला लागलं. पहिल्या महिन्यात फरक नव्हता हे लक्षात ठेवा, म्हणजे महिनाभर करून सोडून देऊ नका. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी अर्ध्या चमच्यावर आणला चहा, आता लग्नाकार्यातला चहा तिला पिववत नाही.

गूळ चालतो का, हे तुम्ही विचारणारच. कोल्हापुरात विचारणारच. तर मला गूळ अतिशय आवडतो, त्याला जी चव आहे ती साखरेला नाही, पण रक्तात गेल्यावर तो साखरच आहे. शंभर ग्रॅमला साखरेच्या 400 कॅलरी तर गुळाच्या 380 च्या आसपास. लोह आहे म्हणतात, आहे थोडं, पण लोहासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की बाकी सगळं बिघडेल. चवीसाठी खा, औषध म्हणून खाऊ नका. उसाचा रस तसाच, मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या पुढे साखर जाते, फिरून आल्यावर लगेच रसवंतीत बसणाऱ्यांनी हे मनावर घ्या. आणि साखरेऐवजी गोळ्या-पावडरी, तर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की वजन कमी करायला या वापरू नका. माझंही मत तेच, जिभेला गोडाची सवय तशीच राहते आणि आपल्याला तर सवयच हलवायची आहे.

व्यायामाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण इथे खूप गैरसमज आहे. अर्धा तास भरभर चाललं की साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, म्हणजे एक गुलाबजाम. तर आज चाललो म्हणून आज खाल्लं हा हिशोब कधीच जुळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चालणं ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस असं डोक्यात बसतं. ज्यांचा व्यायाम तासाभराच्या आतला आहे त्यांना ते रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक लागत नाही, अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, पाणी पुरतं. वजनं उचलत असाल तर व्यायामानंतर नीट जेवा, स्नायूंमधला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो, तो भात-वरणाने भरा, नाहीतर संध्याकाळी तो पेढ्याने भरला जाईल.

पण चालण्याचा खरा उपयोग दुसराच आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात नेहमी चॉकलेट खाणाऱ्या लोकांना तीन दिवस चॉकलेट बंद केलं आणि मग पंधरा मिनिटं भरभर चालायला लावलं, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा चालल्यावर त्यांची खाण्याची ओढ कमी झाली. पंधराच मिनिटं. म्हणून मी म्हणते की सगळं चालणं पहाटेच संपवू नका, दहा-पंधरा मिनिटं चारसाठी शिल्लक ठेवा. दुकानात असाल तर पेठेत एक चक्कर, घरी असाल तर गच्ची. आणि जेवणानंतर दहा मिनिटं चाललात तर काम करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात, जेवणानंतरची साखर एवढी चढत नाही.

झोप राहिली. 2004 मध्ये शिकागोला बारा तरुण निरोगी मुलांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन 28 टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी झालं, आणि ओढ कशाची वाढली तर गोड आणि पिठूळ पदार्थांची. बारा माणसांचा लहान अभ्यास आहे पण मला तो रोज समोर दिसतो. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पाचला फिरायला, अशा माणसाला मी सांगते दादा, आठवडाभर फिरणं अर्धा तास उशिरा करा पण झोपा.

सणाला काय करायचं असं मागे एका ताईंनी विचारलं. पुरणपोळी खायची, ताटात बसून, तुपाशी, सगळ्यांबरोबर. मला त्या पोळीची काळजी नाही, मला दुसऱ्या दिवशी डब्यातल्या उरलेल्या पुरणाची काळजी आहे जे येता-जाता चमच्याने खाल्लं जातं. ते शेजारी द्या, फ्रीजरला टाका, पण समोर ठेवू नका. घरात समोर काय दिसतं यावर खूप अवलंबून असतं, बरणी वरच्या फळीवर गेली तरी फरक पडतो.

हं, काका, विचारा की. ऐकू आलं का सगळ्यांना? काका म्हणतायत त्यांना संध्याकाळी फिरताना घाम फुटतो, हात थरथरतात, आणि कधी एकदा गोड खाईन असं होतं. आणि काका शुगरच्या गोळ्या घेतात. काका, तुमच्यासाठी मी आत्तापर्यंत बोललेलं सगळं बाजूला ठेवा. ही ओढ वेगळी असू शकते, तुमची शुगर खाली जात असेल. असं झालं की चालणं थांबवायचं, खाली बसायचं, मशीन असेल तर तपासायचं, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, मशीन नसेल तरी प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत तेवढीच. मग काहीतरी पोटाला आधार देणारं खायचं. आणि उद्याच डॉक्टरांना सांगायचं की फिरताना असं होतंय, गोळीची मात्रा बदलावी लागेल, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि काका, तोपर्यंत एकटं फिरायचं नाही, खिशात साखरेची पुडी ठेवायची, आणि बरोबरच्या माणसाला ती कुठल्या खिशात आहे ते सांगून ठेवायचं.