बटणांचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. वरचं चित्र घासून पुसट झालेलं, झाकण एका बाजूनं चेपलेलं, आणि आत बटणं. पांढरी, निळी, दोन भोकांची, चार भोकांची, मधूनच एखादं फ्रॉकचं चकचकीत. नागपुरातल्या ज्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मी 31 वर्षं शिकवलं, तिथे हा डबा एका म्हाताऱ्या सिस्टरांच्या मांडीवर असायचा.

सिस्टर तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. शिकवणं कधीच सुटलं होतं. कॉन्व्हेंट, म्हणजे सिस्टरांचं राहतं घर, शाळेला लागूनच. मधल्या सुट्टीची घंटा झाली की काठी टेकत यायच्या आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायच्या. धक्काबुक्कीत शर्टाची बटणं तोडून आलेली पोरं समोर रांग लावायची. सुईत दोरा मात्र पोरांनीच ओवून द्यायचा, कारण सिस्टरांना सुईचं नाकं दिसत नव्हतं. पहिला प्रश्न ठरलेला, "बटन किधर गिराया रे बाबा?" दुसराही ठरलेला, "घर में दादी है? नाम क्या है उनका?"

आता गंमत बघा. तिसरीतल्या निम्म्या पोरांना आजीचं नाव ठाऊक नव्हतं. आजी म्हणजे आजी, तिला आणखी नाव कशाला हवं? सिस्टर बटण लावून द्यायच्या आणि सांगायच्या, कल पूछ के आना. दुसऱ्या दिवशी पोरगं बटण शाबूत असूनही रांगेत. "सिस्टर, पार्वताबाई!"

तेव्हा त्याच व्हरांड्याच्या पलीकडे, माझ्या वर्गात, मॉरल सायन्सचा तास चालायचा. मोठ्यांचा आदर करा, या विषयावर पाच ओळी, फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून, पाठ करून आणायच्या. सगळी पोरं आणायचीही. पाचपैकी पाच मार्क. सिस्टरांच्या तोंडून आदर हा शब्द मी कधी ऐकला नाही.

ज्यांनी अशी शाळा आतून बघितली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नागपुरात कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, 1887 साली स्थापन झाला, 1953 साली त्याचा महाधर्मप्रांत झाला. फादर आणि सिस्टरांच्या शाळा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पण माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकीच असायची. बाकी हिंदू, बौद्ध, मुसलमान, शीख, सगळ्या घरांतली. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायची, उरलेली माझ्याकडे मॉरल सायन्सला. आईबापाचा मान राख ही त्यांची चौथी आज्ञा. आमच्याकडे मातृदेवो भव. भिंतीच्या दोन्ही बाजूंना धडा तोच, आणि पाठ करण्याची पद्धतही तीच.

26 जुलैला संत योआकीम आणि संत ॲना यांचा सण असतो. हे येशूचे आजीआजोबा, मरियेचे आईवडील. बायबलमध्ये त्यांची नावं कुठेच नाहीत. ती लोकांनी परंपरेनं जपली. मला हे फार आवडतं. आजीचं नाव पुस्तकात सापडणार नाही, ते कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली या सणाला धरूनच जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठी आणि वृद्धांसाठी राखून ठेवला. आमच्या शाळेत मात्र आजीआजोबांचा कार्यक्रम त्याच्याही आधीपासून व्हायचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे वह्यांना कव्हरं घालून होतात न होतात, तोच वर्षाचा हा पहिला कार्यक्रम.

तो कसा व्हायचा? इंग्रजीत छापलेलं कार्ड घरी जायचं. मंडळी यायची, पुढे खुर्च्या, टिळा, स्वागतगीत, दोन नाच, नारळ. मग संगीतखुर्ची. हो, सत्तरीच्या माणसांना गाणं लावून खुर्च्यांभोवती पळवायचं! कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. आपण टाळ्या वाजवायच्या. शेवटी समोसा आणि साडेअकराला घरी. वर्षानुवर्षं माइक हातात घेऊन हे सगळं मीच करवलं, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

एका वर्षी एक आजी अगदी मागे, पाण्याच्या नळाजवळ बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "आजी, पुढे चला ना, खुर्ची आहे."

"नाही वं बाई, इथंच बरं हाय. पुढं कोणी इंग्रजीत इचारलं तं मी काय सांगू?"

त्यांची नात दुसरीत, माझ्याच वर्गात. ती मैत्रिणींच्या घोळक्यात होती आणि आजीकडे पाठ करून उभी होती. मला तिचा राग येणार होता, तेवढ्यात आठवलं की वर्गात मराठी बोलल्याबद्दल या पोरीला मी किती वेळा टोकलं होतं. "इंग्लिश प्लीज!" दिवसातून दहादा. जी भाषा बोलायची लाज वाटावी असं आपण पोरीला शिकवलं, त्याच भाषेत ज्या बाईचं सगळं आयुष्य गेलं, तिचा आदर ही पोर पाच ओळी पाठ करून कसा करणार होती?

यावर स्टाफ मीटिंगमध्ये बरीच घासाघीस झाली. काहींना वाटलं, मी शाळेचं माध्यमच बदलायला निघाले. तसं काही नव्हतं. इंग्रजी शिकायलाच हवी, पालक त्यासाठीच पैसे मोजतात. माझं म्हणणं इतकंच होतं की शिकवायची भाषा इंग्रजी असू द्या, पण घरच्या भाषेला वर्गाबाहेर चपलांशेजारी ठेवू नका. हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी ऐकून घेतलं. छापील कार्ड बंद झालं. पोरांनी आपापल्या घरच्या भाषेत, स्वतःच्या हातानं आमंत्रण लिहायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही. हे मराठीच्या बाईला फार जड गेलं, तरी पाळलं. संगीतखुर्ची गेली. आणि दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एक आजी किंवा आजोबा वर्गात यायला लागले.

सगळं गोडच झालं असं समजू नका. आजची पिढी कशी बिघडली, यावर एका आजोबांनी 40 मिनिटं व्याख्यान दिलं. मागच्या बाकावरची दोन पोरं झोपली, आणि खरं सांगते, मलाही पेंग आली. काही पालक पोर्शन मागे पडतो म्हणून तक्रार घेऊन आले. एका मुलाला आजीही नव्हती, आजोबाही नव्हते. त्याला आम्ही बटणवाल्या सिस्टर दिल्या.

पण एम्प्रेस मिलमधून निवृत्त झालेले एक आबाजी आले, तो शुक्रवार मी विसरणार नाही. जमशेदजी टाटांनी 1877 साली नागपुरात सुरू केलेली ही गिरणी. आजच्या पोरांना ते नाव फक्त मॉलमुळे माहीत. आबाजींनी भोंग्याचा आवाज काढून दाखवला तेव्हा शेजारच्या वर्गातल्या टीचर धावत आल्या. एका पोरानं विचारलं, "आबाजी, तिथे एसी होता का?" आबाजी हसले. म्हणाले, आमच्यासाठी काही नव्हतं, सुतासाठी होतं. नागपूरचा मे महिना म्हणजे हवा इतकी कोरडी की सूत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम ओलसर ठेवावी लागे. बाहेर 45 अंश आणि आत दमट! पोरांच्या विज्ञानात बाष्प हा शब्द होता, पण त्याची गरज कुणाला पडते, हे त्या दिवशी कळलं. जाताना आबाजींनी मला हळूच विचारलं, "पुन्हा केव्हा येऊ?" शाल घेऊन जाणाऱ्या पाहुण्यानं हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता.

एक आजोबा रेल्वेत गार्ड होते, आमच्याच पॅरिशमधले, म्हणजे इथल्याच चर्चच्या मंडळीतले, घरी कोकणी बोलणारे. इतवारीहून नागभीडला जाणारी छोट्या रुळांची गाडी त्यांनी अनेक वर्षं चालवत नेली, म्हणजे मागून, हिरवं निशाण दाखवत. ती गाडी 2019 साली बंद झाली. आजोबांना ऐकू कमी यायचं. पोरं मागून ओरडायची आणि उत्तर आलं नाही की हिरमुसायची. मग पोरांनीच शोधून काढलं की समोर उभं राहून, ओठ दिसतील असं सावकाश बोललं की आजोबांना सगळं कळतं. आपल्या इथलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स, यांनी एका बहिऱ्या तरुणाला खाणाखुणांनी शिकवलं होतं, म्हणून ते बहिऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. ही गोष्ट मी वर्गात किती वर्षं सांगत आले होते! पोरांना ती त्या गार्ड आजोबांसमोर उभं राहिल्यावर कळली.

आता त्या सिस्टरांकडे परत येते, कारण मला खरं कोडं त्यांचंच होतं. या वयात ही बाई इतकी टवटवीत कशी? एकदा कॉन्व्हेंटच्या जेवणाच्या खोलीत गेले होते. भिंतीवर कामांचा तक्ता. भाजी कुणाची, बाजार कुणाचा, फुलं कुणाची. त्यात या सिस्टरांचंही नाव, समोर लिहिलेलं, दुपारची प्रार्थना आणि बटणं. तरुण सिस्टरांची बदली होते, त्या येतात आणि जातात. म्हाताऱ्या सिस्टर मात्र त्याच घरात, त्याच टेबलावर, आणि तक्त्यावरून त्यांचं नाव निघत नाही.

घरी आपण काय करतो? "आई, तुम्ही बसा हो, आराम करा." आईच्या पुढ्यातली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उचलून घेतो. फल्ल्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, फोडायचं काम काढून घेतो, का तर त्या सांडतात. आपल्याला वाटतं सेवा केली. त्या बिचाऱ्या दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात आणि संध्याकाळी विचारतात, "आज काय केलंस?" त्यांच्याकडे सांगायला काही नसतं, म्हणून त्या आपल्याला विचारतात.

जिथे साधी भाकरीही मिळत नाही अशी घरंही आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ज्येष्ठांसाठीचा मदतीचा नंबर 14567, तो लिहून ठेवा, शेजाऱ्यांसाठी तरी. पण न्यायाधिकरण भत्ता देऊ शकेल, तक्त्यावर नाव नाही लिहू शकणार.

नळाजवळ बसलेल्या त्या आजींचं राहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्या वर्गात आल्या. पिशवीतून भिजवलेल्या फल्ल्या काढल्या, सगळ्यांना वाटल्या. मग फळ्यासमोर उभ्या राहून त्यांनी पोरांना वावर, सपरी, कवेलू हे शब्द दिले. पोरं वहीत लिहीत होती. "आजी, कवेलू म्हंजे?" "घरावर असतात ते, पोट्टेहो. पाऊस आला का गळतात ते!" त्यांची नात पहिल्या बाकावर होती. एका मुलानं काहीतरी विचारलं, तर तिनंच उठून उत्तर दिलं, आजीच्या बोलीत. मी "इंग्लिश प्लीज" म्हटलं नाही.

मग आजींनी तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांनी लाकडी नंदी सजवून घरोघरी न्यायचा आणि मोठ्यांनी बोजारा द्यायचा. तेव्हा चार आणे मिळायचे म्हणे. पोरांनी हट्ट धरला की आपणही शाळेत करू. तान्हा पोळा सुट्टीचा, तेव्हा दुसऱ्या दिवशी 20-22 पोरं दप्तरात नंदी घेऊन आली. कुणाचा चाकांचा, कुणाचा खोक्याच्या पुठ्ठ्याचा, एका मुलीचा तर प्लॅस्टिकचा हत्तीच, पण शिंगं लावलेला. मिरवणूक मैदानाला फेरी मारून कॉन्व्हेंटच्या दारात गेली.

सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. नंदींना ओवाळून झालं. "बोजारा! बोजारा!" असा गलका झाला. सिस्टरांना शब्द कळला नाही, मी समजावून सांगितलं. सिस्टरांच्या हाती पैसा कुठून असणार, त्यांनी तर निर्धनतेचं व्रत घेतलेलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग डब्याचं चेपलेलं झाकण उघडलं आणि रांगेतल्या प्रत्येक पोराच्या हातावर एकेक बटण ठेवलं. देताना प्रत्येकाला विचारत होत्या, "दादी का नाम?"

नळाजवळच्या आजींची नात शेवटून तिसरी होती. तिनं बटण मुठीत घट्ट धरलं आणि नाव सांगितलं, मोठ्यानं, मैदानापर्यंत ऐकू जाईल असं.

नमस्कार.